लाइन लिस्टमधला रिकामा रकाना

चौदा नावांचा कागद डॉक्टर मॅडमनी टेबलावरून माझ्याकडे सरकवला.

"जाधव, यात काय दिसतं तुम्हाला?"

"कावीळ, मॅडम."

"ते मलाही दिसतं. पत्ते बघा."

पत्ते मी आधीच बघितले होते. नऊ जण आमच्याच हद्दीतल्या एका गावचे. तिघे उल्हासनगर कॅम्प चारचे. दोघे अंबरनाथ पश्चिमेचे. वेगळी गावं, वेगळे नळ, तरी सगळ्यांचे डोळे त्याच आठ-दहा दिवसांत पिवळे झालेले.

"हे लोक एकमेकांना कुठे भेटले असतील?" मॅडमनी विचारलं.

मला उत्तर माहीत होतं. सव्वा महिन्यापूर्वी त्या गावात चार दिवसांची क्रिकेट टूर्नामेंट झाली होती. बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगरच्या टीम आल्या होत्या. मांडव, माइक, युट्यूबवर लाइव्ह, बघायला आसपासची सगळी गावं. मी तसं सांगितलं.

"करेक्ट," मॅडम म्हणाल्या. "आणि तिथलं पाणी कोणी तपासलं होतं?"

"मीच, मॅडम. रजिस्टरला आहे."

रजिस्टरला होतं, हे खरं. पाणी मी तपासलं नव्हतं.

मी बदलापूरच्या बाहेर एका प्राथमिक आरोग्य केंद्रात आरोग्य सहायक होतो. आता रिटायर झालोय. आमचं काम लोकांना फारसं माहीत नसतं. ताप, कावीळ, जुलाब यांच्या केसेस मोजायच्या, गावाचं पाणी तपासायचं, आरोग्यसेवकांवर लक्ष ठेवायचं. कुठे हजार-दोन हजार माणसं जमणार असतील तर आदल्या दिवशी जाऊन पिण्याच्या पाण्याची ओटी टेस्ट करायची. ही टेस्ट म्हणजे काही विज्ञानाचा मोठा प्रयोग नाही. काचेच्या नळीत पाणी घ्यायचं, औषधाचे थेंब टाकायचे. पाणी पिवळं झालं तर त्यात क्लोरीन शिल्लक आहे. पांढरंच राहिलं तर नाही, मग टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर टाकायची आणि पुन्हा बघायचं.

त्या दिवशी मी गावात गेलो तेव्हा बारा वाजून गेले होते. टूर्नामेंट भरवणारे दत्ताशेठ. गावचे जुने शेतकरी, जमिनी गेल्यावर ट्रान्सपोर्टचा धंदा काढलेला. त्यांनी ओटीवर बसवलं, सरबत दिलं. मैदान गावाच्या दुसऱ्या टोकाला होतं. ऊन चढलं होतं.

"टाक्या धुवून ठेवल्यात साहेब. टँकर सांगितलाय. तुम्ही कशाला उन्हात जाता?" दत्ताशेठ म्हणाले.

मी बॅग उघडली, पण नळी नाही काढली. रजिस्टर काढलं. तीन टाक्या, तिन्हींसमोर क्लोरीन ०.५ लिहिलं, सही केली. हे मी पहिल्यांदा केलं असतं तर निदान हात थांबला असता. तो थांबला नाही.

टँकर पहिल्या दिवशी आला. दुसऱ्या दिवसापासून आला नाही. मग मैदानाशेजारच्या जुन्या विहिरीवर मोटर लावून टाक्या भरल्या. वर बर्फाच्या लाद्या टाकल्या. हे मला टूर्नामेंट चालू असतानाच कळलं होतं. एका आशाताईंनी फोनवर सांगितलं होतं. मी "बघतो" म्हटलं आणि बघितलं नाही.

आता मॅडमचा कागद पुढ्यात होता. मी त्याच दिवशी गावात गेलो. विहिरीवर गेलो. आजूबाजूला कोणी नाही असं बघून सव्वा किलो टीसीएल पावडर बादलीत कालवली आणि विहिरीत सोडली. दुसऱ्या दिवशी सकाळी येऊन त्याच विहिरीचं सँपल घेतलं.

वाचणाऱ्याला यात काही वावगं वाटणार नाही. पाणी शुद्धच केलं की. पण साथ आली की आधी सँपल घ्यायचं असतं आणि मग पावडर टाकायची असते. उलटं केलं तर सँपल चांगलं येतं आणि कारण सापडत नाही. पावडरचा असर दोन दिवसांत जातो, घाण येत असेल तर येतच राहते. हे नवीन आरोग्यसेवकांना मीच शिकवायचो.

चार दिवसांनी लॅबचा रिपोर्ट आला. पिण्यास योग्य.

"मग पाणी नाही," मॅडम म्हणाल्या. त्यांच्या आवाजात शंका होती, पण समोर कागद होता. "जेवण कोणी केलं होतं?"

जेवण शोभाताईंच्या बचत गटाने केलं होतं. सात बायका, सगळ्या बुद्धविहाराच्या आळीतल्या. गावातल्या शाळेची खिचडीही याच बायका शिजवायच्या, सहा वर्षांपासून. टूर्नामेंटचं काम त्यांना मिळालं तेव्हाच गावात थोडी कुजबुज झाली होती. आता मॅडमनी जेवणाची चौकशी सुरू केली म्हणताच ती कुजबुज मोठ्याने सुरू झाली. गावच्या ग्रुपवर मेसेज फिरला, कावीळ जेवणातून झाली.

दत्ताशेठनी मला पुन्हा ओटीवर बसवलं.

"मी पयलेच बोल्लो होतो साहेब, जेवान बाहेरशी मागवा. पोरांनी ऐकला नाय. त्या आळीतल्या बायांच्या हातचा गावाला सोसला नाय." मग जरा पुढे वाकून म्हणाले, "तुम्ही आपल्यातले म्हनून बोलतो. बाहेर नाय बोलायचा."

मी त्यांच्यातला नव्हतो. माझ्या आजोबांनी छप्पन्न साली दीक्षा घेतली. आम्ही बौद्ध. पण जाधव आडनावावरून ते कळत नाही, आणि नोकरीची बरीच वर्षं मी ते कळू दिलं नाही. कोणी विचारलं, "जाधव म्हणजे कुठले?" की मी म्हणायचो, "साताऱ्याकडचे." उत्तर खरं होतं. विचारणाऱ्याला जे समजायचं ते तो समजायचा आणि मी समजू द्यायचो. ओटीवर बसायला मिळायचं. काम सोपं व्हायचं.

त्या गावात हे फक्त शोभाताईंना माहीत होतं. अंबरनाथ पश्चिमेला आमच्या नात्यातल्या एका लग्नात त्या मुलीकडून आल्या होत्या. मी पांढरा शर्ट घालून वंदनेला उभा होतो. त्यांनी तिथे मला "जय भीम, भाऊ" म्हटलं. पुढच्या आठवड्यात गावात भेटल्या तेव्हा "नमस्कार साहेब" म्हणाल्या. मी त्यांना काही सांगितलं नव्हतं. त्यांचं त्यांनीच ओळखलं आणि माझं झाकून ठेवलं.

दत्ताशेठ बोलत होते तेव्हा मी कपातला चहा संपवला. "चौकशी चालू आहे," एवढंच म्हटलं.

शाळेत पालकांनी मुलांना डबे द्यायला सुरुवात केली. हेडमास्तरांनी खिचडी 'तात्पुरती' दुसऱ्या गटाकडे दिली. त्या दिवशी शोभाताई केंद्रावर आल्या. बाहेर बाकावर पेशंट होते म्हणून हळू बोलल्या.

"साहेब, आमच्या सातही जणींनी चारही दिवस तेच जेवण खाल्लं. आमच्या पोरांनी खाल्लं. एकालाही काही नाही. मग?"

"हं."

"आणि स्वयंपाकाला पाणी आमच्या आळीतल्या बोअरचं. आम्ही हंड्यांनी वाहिलं. प्यायलाही तेच. टाकीचं पाणी आम्ही घेतलंच नाही. हे लिहून घ्या ना."

"रिपोर्ट येऊ द्या शोभाताई, मग बघू."

"रिपोर्ट आला म्हणतात."

"म्हणजे पूर्ण रिपोर्ट."

त्या माझ्याकडे बघत उभ्या राहिल्या. मी फाईल चाळली. मग त्या गेल्या. त्यांनी सांगितलेल्या दोन गोष्टींवरून कुठल्याही शिकाऊ माणसाला कळलं असतं की दोष पाण्यात आहे. मी ते लिहून घेतलं नाही.

मी मनाला एक कारण दिलं होतं. मी त्यांची बाजू घेतली आणि उद्या लोकांना कळलं की हाही त्यांच्यातलाच, तर लोक म्हणतील आपल्या माणसांना वाचवतोय, आणि त्या बायकांचंच नुकसान होईल. हे कारण मला बरेच दिवस पटत होतं. खरं कारण रजिस्टरमधले ते तीन आकडे होते.

मॅडमनी मला लाइन लिस्ट पूर्ण करायला सांगितली. लाइन लिस्ट म्हणजे एका केसची एक ओळ. नाव, वय, पत्ता, त्रास कधी सुरू झाला, कुठे पाणी प्यायला, कुठे जेवला. प्रत्येकाला हेच प्रश्न. शेवटी जो रकाना सगळ्यांचा सारखा निघतो, तिथे कारण असतं.

मी उल्हासनगर कॅम्प चारला गेलो. तिथे हरीश म्हणून एक जण होता, तिशीतला, सिंधी. गल्लीत जीन्स शिवायचं वर्कशॉप. आजारामुळे तो मशीनवर न बसता खुर्चीत बसून कारागिरांना सूचना देत होता. डोळे अजून हळदीसारखे.

"खाना वहाँ कितने दिन खाया?" मी विचारलं.

"खाया ही नहीं, अंकल. मैं बाहर का खाता नहीं. तीन दिन गया, तीनों दिन मम्मी का डिब्बा."

"एक दिन भी नहीं?"

"एक दिन भी नहीं. पानी वहीं का पिया, टंकी का. बर्फ डाला था, ठंडा था, खूब पिया."

मी पाण्याच्या रकान्यात टिक केलं. जेवणाच्या रकान्यावर पेन ठेवलं. तिथे 'नाही' लिहिलं की शोभाताई सुटल्या आणि विहिरीवर बोट आलं. विहिरीवर बोट आलं की रजिस्टर उघडणार. हरीशची आई पाणी घेऊन आली. मी उठून उभा राहिलो आणि फाईल मिटली. रकाना रिकामाच राहिला.

खोटं लिहिलं नाही, असं मी परतताना स्वतःला सांगितलं.

पाच-सहा दिवसांनी मॅडमनी केबिनमध्ये बोलावलं. यादी आता एकवीस नावांची झाली होती.

"या हरीशचा जेवणाचा रकाना रिकामा आहे."

"राहून गेला असेल मॅडम."

"मलाही तसंच वाटलं. म्हणून मी त्याला फोन केला. तो म्हणाला, अंकलला सांगितलंय, दोनदा सांगितलंय."

मॅडमनी यादी टेबलावर ठेवली.

"जाधव, बसा."

मी बसलो. मॅडम माझ्या मुलीपेक्षा दोन-तीन वर्षांनीच मोठ्या असतील. त्यांच्यापुढे मी सगळं सांगितलं. ओटी टेस्ट केली नाही. सँपलच्या आधी पावडर टाकली. रकाना मुद्दाम सोडला. शोभाताई बोअरच्या पाण्याचं बोलून गेल्या तेही सांगितलं. त्या एकेक गोष्ट कागदावर टिपून घेत होत्या. ओरडल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

"त्या विहिरीचं पाणी आज कोण कोण पितंय?" त्यांनी विचारलं.

"वरच्या आळीतली काही घरं. उन्हाळ्यात नळ कमी येतो, तेव्हा."

"म्हणजे तुम्ही ते सँपल घेतल्यापासून पंधरा दिवस पीत आहेत."

त्या उठल्या, गाडी काढायला सांगितली. विहिरीच्या वरच्या अंगाला मैदानाचं जुनं सार्वजनिक शौचालय आहे. त्याची सेप्टिक टँक फुटलेली होती. एरवी तिथे फार कोणी जात नसे. चार दिवस हजारो माणसं गेली आणि ती भरून वाहिली, उतार विहिरीकडे. गवतात ओल अजून दिसत होती. कोणीही दहा मिनिटं फिरला असता तर दिसली असती. मॅडमनी स्वतः बाटली भरली. हा रिपोर्ट वाईट आला. पण त्या रिपोर्टसाठी थांबल्या नाहीत, मोटर त्याच दुपारी काढायला लावली.

कावीळ 'ई' प्रकारची होती. ती घाणीच्या पाण्यातून होते. पाणी पोटात गेल्यावर दोन आठवड्यांपासून आठ-नऊ आठवड्यांपर्यंत कधीही उमटते. बहुतेकांना महिन्या-दीड महिन्यात बरं वाटतं. गरोदर बाईला मात्र ती जिवावर येऊ शकते.

विहीर बंद झाल्यावर आठवड्याने दत्ताशेठची सून वैशाली आजारी पडली. सातवा महिना. अंबरनाथहून तिला मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात नेलं. चार दिवस ती शुद्धीत नव्हती. ती वाचली. बाळ वाचलं नाही.

मी घरी कॅलेंडर घेऊन बसलो. टूर्नामेंटला आठ आठवडे झाले होते. ती तेव्हा ते पाणी प्यायली असेल तर हिशेब जुळतो. मी सँपल चांगलं आणलं त्याला तीन आठवडे झाले होते. दत्ताशेठचं घर वरच्या आळीतच, त्या दिवसांत घरी आलेलं विहिरीचं पाणी प्यायली असेल तरी जुळतो. मी तो हिशेब बऱ्याच वेळा केला. दर वेळी दोन्ही बाजू जुळतात.

मॅडमनी रिपोर्टमध्ये स्वच्छ लिहिलं, साथ पाण्यातून पसरली, जेवणाचा संबंध नाही, क्लोरीनची तपासणी प्रत्यक्ष झाली नव्हती. मला मेमो मिळाला आणि दुसऱ्या विभागात बदली. पण रिपोर्ट इंग्रजीत होता आणि गावात तो कोणी वाचला नाही. मॅडम म्हणाल्या, "ग्रामसभेत तुम्ही सांगा. तुमच्या तोंडून ऐकतील." त्यांना तालुक्याची मीटिंग होती.

ग्रामसभेत मी माइकवर सांगितलं की दोष विहिरीचा होता, बचत गटाचा काही संबंध नाही. माणसं ऐकत होती. शोभाताई आणि गटातल्या बायका मागच्या बाजूला बसल्या होत्या. दत्ताशेठ पुढे होते. सुनेच्या आजारपणात ते खूप थकले होते. त्यांनी बसल्या जागेवरून विचारलं,

"साहेब, पानी खराब होता, तर तुम्ही योग्य कसा लिवला?"

प्रश्न साधा होता. सगळी सभा माझ्याकडे बघत होती.

मी म्हटलं, "तपासलं तेव्हा योग्य होतं. नंतर बिघडलं."

दत्ताशेठनी मान हलवली. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला. त्यानंतर पुढचा विषय निघाला, रस्त्याच्या दिव्यांचा.

खिचडीचं काम शोभाताईंच्या गटाला परत मिळालं नाही. हेडमास्तर म्हणाले, आता नवीन गटाशी करार झालाय. कोणी नाही म्हटलं नाही आणि कोणी परतही दिलं नाही. गट वर्षभरात मोडला. दोघी जणी अंबरनाथला कंपनीत पॅकिंगला लागल्या. शोभाताईंनी बदलापूर स्टेशनजवळ पोळी-भाजीचे डबे सुरू केले.

रिटायर झाल्यावर मी त्यांच्याकडे गेलो. दोन खोल्या, पुढच्या खोलीत डब्यांची रांग. त्यांनी "जय भीम, भाऊ, या" म्हटलं आणि कणीक मळत राहिल्या. मी सांगितलं. टेस्टचं, पावडरचं, हरीशच्या रकान्याचं, ग्रामसभेतल्या उत्तराचं. त्यांचे हात थांबले.

"म्हणजे मी केंद्रावर आले होते तेव्हा तुम्हाला माहीत होतं."

"हो."

"आमच्या बायका म्हणायच्या, आपला माणूस असून एक शब्द बोलला नाही. मी त्यांच्याशी भांडायचे. म्हणायचे, त्याला बिचाऱ्याला कागदात जे दिसलं ते त्याने सांगितलं, त्याला कुठे माहीत होतं. शेवटी शेवटी तर गटातल्या सुमनशी माझं बोलणं बंद झालं, तुमच्यावरून." त्यांनी परातीवर फडकं टाकलं. "आता तिला काय सांगू?"

मी म्हटलं, "मी जाऊन सांगतो तिला."

"तुम्ही नका जाऊ," त्या म्हणाल्या. "मीच जाईन. मला तिची माफी मागायचीये."

त्यांनी मला चहा दिला. मी तो प्यायलो आणि निघालो. दत्ताशेठकडे मी अजून गेलेलो नाही. त्यांना काय सांगायचं ते मला पाठ आहे.

यातून शिकण्यासारखं फार नाही. टेस्ट केली नसेल तर त्या जागी 'केली नाही' असं लिहायचं. साहेब बोलावतात, चार शब्द ऐकवतात, मेमो देतात, फाईल पुढे जाते. जास्तीत जास्त एवढंच होतं.